खिळ्यावरची लाल टोपी

३ मार्च, सोमवार

पाण्याची बाटली आजही भरलेलीच परत आली! सकाळी मी भरून द्यायची, हिने दिवसभर मिरवून आणायची आणि संध्याकाळी मोरीत ओतून द्यायची. मी म्हटलं, "सूनबाई, ओझं वाहायची एवढी हौस असेल तर उद्यापासून डब्यात वीट घालून देते." हसली नाही. पूर्वी हसायची. हसून वर टोला हाणायची. या घरात माझ्या तोंडाला तोंड देणारी ती एकटीच होती. मुलगा तर बापावर गेलाय, "असू दे गं आई" याच्या पुढे त्याची गाडी जात नाही.

ही वही नातीची. अर्धी लिहून टाकून दिली होती, म्हणे ओळी फिक्या आहेत. ओळी फिक्या! मी तिसरीत शाळा सोडली तेव्हा पाटीसुद्धा फुटकी होती. असो. वही बरी. बोललं की भांडण होतं, कागद निदान उलटून बोलत नाही.

४ मार्च, मंगळवार

बाटली भरलेली. मी काही बोलले नाही. बोलले नाही हे लिहून ठेवते, पुन्हा असं होईल याचा भरवसा नाही.

६ मार्च, गुरुवार

आज काय बघितलं ते लिहिते. नीट लिहायला हवं.

मी शिलाईच्या मशीनवर बसले होते, शेजारणीच्या परकराला नाडी घालत. सूनबाई कामावरून आली, चप्पल काढली, आणि संडासाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हात पुढे बांधून, शाळेतल्या पोरीसारखी.

"आई, जाऊ का?"

"कुठे?"

"आत."

"मग जा की! मी काय दारावर तिकिटं फाडते?"

धावतच गेली. मुलगा चहा पीत होता, तो हसला. मीही हसले. वाटलं, चला, बाईला मस्करी सुचली एकदाची.

नात मात्र गृहपाठातून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, ती मस्करी करत नाही. ती रोज विचारते. तू देवळात गेली होतीस तेव्हा मला विचारलं."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, जा."

आईनं नऊ वर्षांच्या पोरीला विचारायचं, जाऊ का! 

९ मार्च, रविवार

सुट्टी. मुलगा झोपलेला, नात खेळायला गेलेली. आम्ही दोघी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. हिच्या घड्या बघाव्यात, कडेला कड, दोरी लावल्यासारखी. धुलाईच्या कारखान्यात काम करते. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी येतात तिथे. दोघींनी दोन कोपरे धरायचे आणि ओली चादर तापलेल्या रुळात सोडायची. पलीकडून कागदासारखी कडक बाहेर येते. दिवसभर त्या वाफेत उभं राहायचं. आणि ही बाई पाणी पीत नाही!

मी म्हटलं, "सांग आता. नाही तर मी इथून उठत नाही, आणि माझे गुडघे धरले तर उचलायला तूच आहेस."

मग सांगितलं. चादरीकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही.

मुकादमीण बसते तिथे भिंतीला खिळा आहे. त्या खिळ्याला लाल टोपी. सगळ्या बायकांत मिळून एक. संडासला जायचं तर मुकादमिणीला विचारायचं, टोपी डोक्यात घालायची आणि जायचं. वरच्या मजल्यावरून साहेबांना काचेतून दिसायला हवं, कोण उठलं, किती वेळ गेलं. टोपी खिळ्यावर नसेल तर थांबायचं. वाट मळक्या चादरींच्या गाड्यांवरून जाते, तिथे माल उतरवणारे बाप्ये असतात. ते ओरडतात, "आली रे टोपी!" पाळीच्या दिवसांत दोनदा टोपी घातली तर हिशोब करून हसतात. मुकादमीण घड्याळ बघते. बायकांनी तिचं नावच घड्याळबाई ठेवलंय.

"म्हणून पाणीच बंद केलं," सूनबाई म्हणाली. "नाही प्यायलं तर जावं लागत नाही."

"आणि घरी का विचारतेस गं?"

हातातली घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाली, "कळत नाही, आई. दार दिसलं की पाय थांबतात. कुणी हो म्हटल्याशिवाय उचलतच नाहीत."

मी उठले आणि भांडी घासली. स्वच्छ होती, तरी घासली.

९ मार्च, पुन्हा

मुलगा उठल्यावर त्याला विचारलं. तो त्याच कारखान्याची गाडी चालवतो, धुतलेल्या चादरी पोचवतो. "तुला टोपी माहीत होती?"

"सगळ्याच बायका घालतात, आई. नियम आहे."

"आणि ते ओरडतात ते?"

"ते काय, गंमत करतात."

बायकोची गंमत करतात आणि हा गाडीत बसून ऐकतो! मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात घालते एक टोपी, मग बघू किती गंमत वाटते." तर म्हणाला, असू दे गं आई.

१२ मार्च, बुधवार

पडली.

भर दुपारी दोघी बायकांनी धरून आणली. एक तिच्या जोडीला रुळावर असते ती, उंच, काटकुळी. तिनंच सांगितलं. सकाळपासून हिचे हात कापत होते. शेवटी टोपी मागितली, घातली, निघाली. गाड्यांपाशी पोचली आणि कोसळली, मळक्या चादरींच्या ढिगावरच. ढीग होता म्हणून डोकं वाचलं. कोपर गाडीच्या लोखंडावर आपटलं.

काटकुळी म्हणाली, "आजी, तोंडावर पाणी मारलं तर घाबरून उठली. म्हणते, मी टोपी घातलीय, मी विचारून आलेय!"

शुद्धीवर येताना माणूस आईला हाक मारतो, पाणी मागतो. ही परवानगी दाखवते.

१३ मार्च, गुरुवार

आज माझ्याकडून चूक झाली. पण आधी राग लिहिते.

गेले कारखान्याच्या फाटकावर. दरवान म्हणाला, "आजी, आत जाता येत नाही." मी म्हटलं, "आत यायचं कुणाला? त्यांना बाहेर बोलाव." आणि मग सुरू झाले. घड्याळबाईच्या सात पिढ्या काढल्या. माल उतरवणाऱ्यांना म्हटलं, "आयांना पण टोप्या घालूनच पाठवत होतात का रे?" गर्दी जमली. माझा आवाज काय, गिरणीच्या भोंग्याला मागे टाकेल. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारीला सोडा मोकाट, कारखाना बंद पडेल." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

दरवानानं हळूच विचारलं, "त्या गुलाबी चादरीवाल्या बाईची सासू का तुम्ही?"

"कसल्या गुलाबी?"

तेव्हा कळलं. ही पडली तेव्हा टोपी डोक्यावरून निसटून ढिगात गेली. ढीग तसाच धुवायच्या मशीनमध्ये गेला, उकळत्या पाण्यात. टोपीचा रंग कच्चा. हॉटेलच्या सगळ्या पांढऱ्या चादरी गुलाबी होऊन निघाल्या! दरवान हसू दाबत होता. मी दाबलं नाही. जन्मभर कापड हाताळलंय मी. कच्च्या रंगाची टोपी शिवायची आणि बाई मात्र पक्क्या मनाची मागायची!

पण फाटकाच्या आत एक बाई उभी होती. नीटनेटकी, हातात कागद धरायची पाटी. सगळं ऐकत होती. मधूनमधून लिहीत होती. माझ्याकडे बघून मान डोलावली, अशी, की जणू मी तिला हवं तेच दिलं.

१५ मार्च, शनिवार

तीच बाई घरी आली. कारखान्यानं ठेवलेली समुपदेशक. मनाचं बघते म्हणे. मी तिचं नाव गोडबोली ठेवलं, कारण "सासूबाई, तुम्ही बसा ना" हे तिनं माझ्याच घरात माझ्याच खुर्चीकडे बोट दाखवून म्हटलं.

आधी सूनबाईला श्वास शिकवला. आत घ्या, चार मोजा, बाहेर सोडा. श्वास घ्यायला मोकळीक आहे, त्याला टोपी लागत नाही, एवढंच नशीब.

मग कागद काढला. सूनबाई समोर बसलेली, पण गोडबोली बोलली मुलाशी. "घरात आधीपासून काही त्रास होता का यांना? रडणं, गप्प राहणं? सासूबाईंचा स्वभाव थोडा..." आणि थांबली. थोडा म्हणून थांबली! पूर्ण कर ना बाई, मला काय माझा स्वभाव ठाऊक नाही?

कागदावर लिहिलंय, घरगुती ताणामुळे यांचा मानसिक तोल गेला, त्या भरात यांनी टोपी मशीनमध्ये टाकली आणि माल खराब केला. घरच्यांनी सही केली तर कारखाना मोठ्या मनानं नुकसान सोडून देईल, हिला घड्या घालायच्या हलक्या कामावर घेईल, मुलाच्या गाडीलाही धक्का लागणार नाही. नाही केली तर बघू. मंगळवारी, पंचवीस तारखेला सही घ्यायला येते म्हणाली.

वड्याचं तेल वांग्यावर काढावं ते किती! टोपी त्यांची, खिळा त्यांचा, घड्याळ त्यांचं, आणि जाच सासूचा!

आणि कोण म्हणणार की नाही? अख्खी गल्ली माझा आवाज ओळखते. फाटकावर तर मी स्वतःच जाऊन साक्ष देऊन आले. मी खाष्ट आहे, उद्धट आहे, मान्य. पण तिला कधी कुठल्या दाराशी उभं केलं नाही.

मुलगा म्हणाला, "आई, सही करून टाकू. कामं वाचतील."

सूनबाई त्या कागदाकडे बघत होती. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही. हे आत्ता लिहिताना कळतंय.

१७ मार्च, सोमवार

सरकारी दवाखान्यात नेलं. लघवीला आग होत होती, ताप भरला होता. आणि तिथे मनाचेही डॉक्टर असतात असं काटकुळी म्हणाली होती. मला काही ते पटत नव्हतं. मी म्हटलं, वेड्यांच्या गोळ्या देतील आणि मांजर करून टाकतील. पण गेले.

चष्मेवाली डॉक्टरीण. माझ्या मुलीपेक्षा लहान असती, मला मुलगी असती तर. तिनं विचारलं, "काय होतंय?" मुलानं सुरुवात केली. त्याचं चुकत होतं म्हणून मी मध्ये पडले. डॉक्टरीण दोघांचं ऐकत बसली. मग म्हणाली, "पेशंट कोण आहे?"

"ही."

"मग तुम्ही दोघं बाहेर बसा."

बाहेर! मला! सून माझी, ताप मी मोजला, रिक्षा मी ठरवली, आणि बाहेर! बाकावर बसले. दार बंद. आतून शब्द कळत नव्हता, पण आवाज कळत होता. तिचाच. डॉक्टरणीचा नाही, तिचा. थांबत, अडखळत, पुन्हा चालू. कितीतरी महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. निदान माझ्याशी नाही.

मुलगा शेजारी नखं खात होता. म्हणाला, "काय सांगत असेल गं?" मी म्हटलं, "गाडीत बसून जे ऐकत नव्हतास ते."

मग आत बोलावलं. डॉक्टरीण म्हणाली, "तिनं जेवढं सांगायला सांगितलंय तेवढंच सांगते." हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बायकांबद्दल सगळे सगळ्यांना सगळं सांगतात, असंच मी बघत आलेय.

म्हणाली, "संसर्गाचं औषध देते. झोप यावी, भीती कमी व्हावी म्हणूनही देते, त्यानं मांजर होत नाही." म्हणजे हिनं माझं मांजरसुद्धा आत सांगितलं! "पण दिवसभर लघवी धरून, तहान मारून, हसू झेलत उभं राहिलं तर कुणाचंही मन असंच होईल. तुमचं, माझंही. औषध खड्ड्यातून वर काढेल. पुन्हा त्याच खड्ड्याकडे पाठवलंत तर मी काय करू?"

मग सूनबाईला विचारलं, "मी हे लिहून देऊ का? कामगार अधिकाऱ्याला दाखवता येईल. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. सवय. मी हो म्हणणारच होते, तोंड उघडलं होतं. डॉक्टरणीनं नुसतं एक बोट वर केलं, माझ्यासाठी. मला! पण मी तोंड मिटलं.

सूनबाई म्हणाली, "द्या."

१८ मार्च, मंगळवार

पाणी प्यायली. दोन पेले. दाराशी अजून थांबते.

२० मार्च, गुरुवार

काटकुळी येऊन गेली. टोपी उकळून चिंधी झाली म्हणून घड्याळबाईनं खिळ्याला नवी लावलीय. हिरवी. पक्क्या रंगाची. म्हणजे एवढं सगळं होऊन हे शिकले, रंग पक्का घ्यावा!

पण हॉटेलवाल्यांनी विचारलं, चादरी गुलाबी कशा झाल्या? टोपीचं सांगावं लागलं. टोपी कशाला? तेही सांगावं लागलं. आता बाहेर कुजबूज आहे. कामगार अधिकारी येणार म्हणतात. काटकुळी म्हणाली, "म्हणून त्यांना तुमची सही हवीय, आजी. अधिकाऱ्याला दाखवायला की बाईच बिघडलेली होती, बाकी सगळं नीट आहे."

"आणि तुम्ही बाकीच्या? तोंडं शिवलीत का?"

"पोरं आहेत, आजी. आधी कुणीतरी एकीनं बोललं तर..." ती सूनबाईकडे बघत नव्हती, पण तिलाच सांगत होती.

२२ मार्च, शनिवार

मी ठरवलं होतं. आता काय ठरवलं होतं ते लिहायला लाज वाटते, राग जास्त येतो.

म्हटलं, मीच सही करते. माझ्या नावानं. लिहा, सासूनं छळलं. माझं काय जातंय? आत्ता तरी लोक कुठे मला ओवाळतायत? हिला हलकं काम मिळेल, मुलाची गाडी राहील, मी खाष्ट ठरेन, तर तशी मी आहेच. रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं. मुलाचा चेहरा उजळला.

सूनबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. जोरात.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

मी वाढायला घेतलेली पळी परत भांड्यात टाकली.

"माझं डोकं बिघडलं असं कारखान्याच्या मॅडमनी ठरवलं. का बिघडलं ते साहेबांनी ठरवलं. सही कुणी करायची ते ह्यांनी ठरवलं. आता खोटा आळ घ्यायचा ते तुम्ही ठरवलंत! पडले मी ना? मग मी कुठे आहे यात?"

मुलगा म्हणाला, "अगं, आई तुझ्या भल्यासाठीच..."

"तुम्ही तर बोलूच नका. 'आली रे टोपी' ओरडतात त्यांच्याबरोबर चहा पिता तुम्ही."

नातीचा घास तोंडातच.  मग सूनबाई मला म्हणाली, "आणि छळायचं म्हणाल तर आई, तुम्हाला ते तरी धड कुठे जमतं? बाटली तर रोज भरून देत होतात."

टोला! तोच जुना टोला! मी पदरात तोंड घातलं आणि हसले. हसतानाच डोळ्यांना पाणी आलं, ते मिरचीचं होतं.

२३ मार्च, रविवार

काल भांडली खरी, पण आज पुन्हा दिवसभर पडून. गोळीनं झोप येते. संध्याकाळी दाराशी थांबली, "आई, जाऊ का?" म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. मी काहीच उत्तर दिलं नाही. हो म्हणायचंही सोडलं. शिलाई मारत राहिले, टाका वाकडा गेला. ती उभीच राहिली. शेवटी नात म्हणाली, "आई, तुला जायचंय का तूच सांग."

गेली. पण उशीर लागला.

एक ताट आपटून घर सावरत नाही, हे माहीत आहे मला. त्यांनी वर्षभर ठोकलेला खिळा एका रागानं निघत नाही.

२५ मार्च, मंगळवार

आल्यात. गोडबोली आणि घड्याळबाई, दोघी, दारात. हातात तोच कागद.

सूनबाई आत आहे. त्यांची पावलं जिन्यावर वाजली आणि ही उठली, सरळ गेली, आतून कडी लावली. विचारलं नाही. मला नाही, कुणालाच नाही!

गोडबोली म्हणते, "आम्हाला जरा घाई होती, सासूबाई." घड्याळबाई मनगटाकडे बघते. बघ बाई, बघ. आज तुझं घड्याळ तूच सोस.

मी त्यांच्यासमोरच वही घेऊन बसलेय. मुलगा उठायला लागला, मी म्हटलं, बस खाली. तो एक शब्द बोलायचा नाही, मीही बोलणार नाही. ती तिच्या वेळेनं बाहेर येईल. तोवर थांबा उभ्या. जे विचारायचं ते तिला विचारा, उत्तर तीच देईल.